कोस्केला बाईंची मोजणी

सुपीरियर सरोवराकाठच्या टॅमरॅक हार्बर गावाच्या बीचवर आज लाल झेंडा लागणार की हिरवा, हे रोज सकाळी आठ वाजता कार्ला रिन्टाला ठरवायची. खरं तर ठरवायचं काउंटीच्या आरोग्य खात्याचं संगणकातलं मॉडेल. कार्ला त्याला आकडे भरवायची आणि लोकांच्या शिव्या खायची.

पाण्यात विष्ठेतले जंतू किती आहेत ते लॅब सांगते, पण बाटली आज दिली की उत्तर उद्या येतं. काल पोहायला हरकत नव्हती हे आज कळून कुणाचं भलं होणार? वरातीमागून घोडं. म्हणून हे मॉडेल आणलं होतं. रात्रीचा पाऊस, लाटांची उंची, वाऱ्याची दिशा, पाण्याचा गढूळपणा आणि किनाऱ्यावर बसलेले सीगल पक्षी, एवढं सांगितलं की ते त्या दिवशीच्या पाण्याचा अंदाज बांधायचं. जंतूंचा अंदाज तीनशेच्या वर गेला की लाल झेंडा. दहापैकी आठ वेळा दुसऱ्या दिवशी लॅबही तेच म्हणायची. तरी गावाने त्याचं नाव ठेवलं होतं ‘ज्योतिषीबुवा’. पेट्रोल पंपावर, पोस्टात, चर्चच्या पायरीवरसुद्धा कार्लाला विचारणा व्हायची, "काय, आज ज्योतिषीबुवांचा मूड कसा आहे?"

यंदा मात्र चेष्टेचे दिवस संपले होते. काउंटीचा नियमच तसा होता. लागोपाठ तीन उन्हाळे वीसपेक्षा जास्त लाल दिवस भरले की तो बीच पोहण्याच्या यादीतून बाद. मागचे दोन उन्हाळे भरले होते आणि यंदा ऑगस्टच्या मध्यालाच बावीस झाले होते. गुरुवारी काउंटीच्या मंडळापुढे मतदान होतं. बीच यादीतून गेला की जीवरक्षक जाणार, पाण्यातल्या दोऱ्या जाणार आणि मुलांचा पोहण्याचा वर्ग चाळीस मैलांवरच्या बंदिस्त तलावात जाणार. रोज चाळीस मैल पोराला घेऊन कोण जाणार? आणि सुपीरियरच्या काठावर वाढणाऱ्या पोराला पोहता येत नसेल तर त्याच्या आईला झोप कशी लागणार? हे सरोवर माणसाचं काही ऐकून घेत नाही. कार्ला स्वतः याच बीचवर शिकली होती, व्हर्ना कोस्केला बाईंच्या हाताखाली. एकतीस वर्षं बाईंनी गावातलं एकूण एक पोर त्या बर्फासारख्या पाण्यात उतरवलं होतं. बीच हातचा जाणार म्हणून कार्लाच्या जिवाला घोर लागला होता.

सोमवारी दुपारी ती आकड्यांचा तक्ता पुन्हा उघडून बसली. काही सापडेल अशी आशा नव्हती. पण दुखऱ्या दाताकडे जीभ जाते तसं तिचं मन तिथेच जात होतं. सहज म्हणून तिने तारखांच्या शेजारी वार लिहिले आणि हातातला कॉफीचा मग खाली ठेवला. बावीस लाल दिवसांपैकी एकोणीस दिवस सोमवार, बुधवार किंवा शुक्रवार होते.

हे काय गौडबंगाल? पावसाला वार कळत नाही, लाटांना कळत नाही. सीगलला तर रविवारची प्रार्थनाही माहीत नाही. कचऱ्याची गाडी गुरुवारी यायची. मासे तळण्याची जेवणं शुक्रवारी संध्याकाळी व्हायची, म्हणजे त्याचा त्रास व्हायचाच तर शनिवारी व्हायला हवा. मग तिने रोज सकाळी सीगल मोजणाऱ्यांची यादी काढली. मंगळ, गुरू, शनी हार्लन विर्टा, बोटीवरून निवृत्त झालेले. रविवारी ती स्वतः. सोम, बुध, शुक्र कोस्केला बाई.

हार्लनकाकांच्या सीगलची सरासरी होती अकरा. तिची स्वतःची नऊ. बाईंची बासष्ट.

कार्ला थेट तिच्या साहेबांकडे गेली. लेस्टर ग्रूम हा माणूस वाईट नव्हता, पण निवृत्तीला आठ महिने राहिलेल्या माणसाला जेवढी जिज्ञासा परवडते तेवढीच त्याच्याजवळ होती.

"बाईंना दिसत नाही," लेस्टर एका दमात म्हणाला. "मोतीबिंदू. माझ्या सासूला होता. एका सीगलचे चार दिसायचे."

"मागच्या वर्षी त्यांचं ऑपरेशन झालंय."

"मग मोजताना चुकतात. वय झालं. त्यांचे आकडे काढून टाक आणि बुवाला पुन्हा चालव. किती लाल राहतात?"

कार्लाने चालवलं. बावीसचे सहा झाले.

"बास!" लेस्टरने टेबलावर थाप मारली. "छाप कागद. गुरुवारी मंडळापुढे ठेवू. बीच वाचला, तू वाचलीस, मी सुखाने मासे मारायला मोकळा."

तिने छापलासुद्धा. घरी जाताना तिला अगदी हलकं वाटत होतं. पण जेवताना तिच्या डोक्यात एक किडा वळवळायला लागला. मॉडेल चुकलं असेल तर ते दहापैकी आठ वेळा बरोबर कसं येतं?

मंगळवारी सकाळी तिने मॉडेल बाजूला ठेवलं आणि फक्त लॅबचे निकाल काढले. लॅबला बाटलीवरचा नंबर तेवढा दिसतो. सीगल कुणी मोजले, किती मोजले याच्याशी तिला घेणंदेणं नाही. एरवीच्या दिवसांची सरासरी सत्तरच्या आसपास होती. सोम, बुध, शुक्रची होती चारशे दहा.

कार्ला बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसली. म्हणजे सीगल खरे होते, घाण खरी होती, बाईंचा चष्माही ठीक होता. लेस्टरचा कागद मात्र खोटा होता. तो मंडळापुढे ठेवला असता तर बीच वाचला असता आणि पोरं हिरव्या झेंड्याखाली घाणीत पोहली असती. तिने तो कागद फाडला. आता तिला बीचच्या काळजीइतकंच भयंकर कुतूहल वाटत होतं. आठवड्यातले तीनच दिवस पन्नास जास्तीचे सीगल येतात तरी कुठून?

बुधवारी सकाळी सव्वासहाला तिने ट्रक पाइनच्या झाडांपाशी लावला आणि चोरासारखी पुढे गेली. बाई वाळूवर आधीच पोहोचल्या होत्या. अंगात निळा कोट, पायात रबरी बूट, खांद्याला कापडी पिशवी. त्यांनी पिशवीतून वेलची घातलेला, निसू नावाचा गोड पाव काढला, घरचा, खरपूस भाजलेला, आणि त्याचे तुकडे करून मुठी भरभरून उधळले. बघता बघता सगळं आकाश वाळूवर उतरलं. बाईंनी हात झटकले, खिशातून टिकटिक करणारं मोजयंत्र काढलं आणि डावीकडून उजवीकडे, शाळेत हजेरी घ्यावी तशी शांतपणे मोजणी सुरू केली.

"चौसष्ट," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग मान न वळवता म्हणाल्या, "कार्ला, झाडामागून बाहेर ये. लहानपणी पाण्यात उतरायच्या वेळीसुद्धा तू तिथेच लपायचीस."

कार्ला ओशाळून पुढे आली. "बाई, हे काय चाललंय?"

"काय चाललंय म्हणजे? मोजणी."

"आणि पाव कशाला?"

"खाली बसवायला!" एवढं साधं कळत नाही, अशा नजरेने बाईंनी तिच्याकडे बघितलं. "तुझ्याच फॉर्मवर लिहिलंय ना, वाळूवर आणि पाण्यावर बसलेले सगळे सीगल मोजा म्हणून? मेले, सारखे घिरट्या घालतात. उडते मोजायला गेलं की एकच दोनदा मोजला जातो. म्हणून आधी सगळ्यांना खाली बसवायचं आणि मग मोजायचं. तो हार्लन गाडीची काच खाली करतो, दिसतील तेवढे लिहितो आणि कॉफी प्यायला पळतो. अकरा म्हणे! अकरा तर माझ्या छपरावर असतात."

"कधीपासून करताय असं?"

"पहिल्या दिवसापासून. तीन उन्हाळे झाले, एक दिवस चुकवला नाही. ते प्रशस्तिपत्र उगाच दिलंत का?"

ते प्रशस्तिपत्र कार्लाला चांगलंच आठवत होतं. ‘सर्वांत काटेकोर निरीक्षक.’ खाली सही तिचीच होती. फॉर्मही तिनेच लिहिला होता. सीगलला पाव घालू नका असं त्यात लिहायचं तिच्या स्वप्नातसुद्धा आलं नव्हतं.

"बाई," ती कशीबशी म्हणाली, "हे तुमचे पाहुणे आहेत. तुम्ही जेवायला बोलावता म्हणून ते येतात. आणि जेवून झालं की..."

पुढचं बोलायची गरज नव्हती. चौसष्ट सीगल पोटभर खाऊन उथळ पाण्यात उतरले होते, आणि ओल्या वाळूवर त्यांचे पांढरे ठिपके जिकडेतिकडे पडले होते. याच पाण्यात साडेसात वाजता कार्ला बाटली बुडवायची. याच पाण्यात दहा वाजता पोरं उतरायची.

बाईंनी वाळूकडे पाहिलं, मग पाण्याकडे.

"माझ्या पोरांच्या पाण्यात?" त्या म्हणाल्या. "मी?"

"तुम्हाला माहीत नव्हतं."

"मला विचारायला काय झालं होतं? तोंड नव्हतं मला?" त्या स्वतःवरच चिडल्या होत्या. वाळूतल्या ओंडक्यावर बसल्या, चष्मा पुसला, पुन्हा घातला. कार्लाला वाटलं आता रडतील. पण बाईंनी हात पुढे केला. "आकडे दाखव."

कार्लाने टॅब्लेट त्यांच्या हातात दिला. बाई एकेका ओळीवर बोट ठेवून वाचत गेल्या, वही तपासावी तशा. जुलैच्या मध्यावर बोट थांबलं.

"या आठवड्यात लॅबचा आकडा सोमवारी चाळीस, बुधवारी पंचावन्न, शुक्रवारी साठ. इथे घाण का नाही?"

कार्लाने वाकून पाहिलं. हे तिच्याही नजरेतून सुटलं होतं. "त्या आठवड्यात तुम्ही..."

"मुलीकडे गेले होते. आठवडाभर." बाईंनी टॅब्लेट मांडीवर ठेवला. "आणि माझे दिवस हार्लनने मोजले. म्हणजे झालं की सिद्ध."

सीगल आणखी पाव मिळेल म्हणून घोटाळत होते.

"उद्याच्या सभेत तुमचं नाव येऊ देणार नाही," कार्ला म्हणाली. "निरीक्षणाच्या पद्धतीत त्रुटी होती, असं लिहीन."

"आणि मंडळाचा अध्यक्ष, तो ड्वेन, ते वाचून काय म्हणेल? नापास झालेलं पोरगं पेनाला नावं ठेवतंय म्हणेल. बीच जाईल तो जाईलच." बाई उठल्या. "मीच बोलते."

"गाव हसेल, बाई. जन्मभर हसेल."

"हसू दे की. मी काय तुम्हाला कमी हसले का, तुम्ही सगळी थंडीने कुडकुडत काठावर उभी असायचात तेव्हा?"

बोलताना त्यांचा आवाज ठणठणीत होता. पिशवीची नाडी मात्र त्यांनी दोनदा सोडून पुन्हा बांधली.

गुरुवारी सभागृह भरलं होतं. बोलायला प्रत्येकाला तीन मिनिटं. मंडळाचा अध्यक्ष ड्वेन पेल्टोला, लाकडाच्या वखारीचा मालक, साडेसहा फुटी धिप्पाड माणूस. सातव्या वर्षी हाच धक्क्याचा खांब धरून तासभर रडला होता, हे बाईंना आणि गावालाही ठाऊक होतं. बाईंनी एक मिनिट घेतलं. पाव कसा घातला, का घातला, त्याचं पुढे काय झालं, सगळं आडपडदा न ठेवता सांगितलं. मागच्या बाकांवर आधी कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळं सभागृह हसलं. हार्लन विर्टा सर्वांत मोठ्याने हसले. बाई सरळ उभ्या राहिल्या आणि हसणं संपेपर्यंत थांबल्या. कार्लाला त्या क्षणी सगळ्या गावाचा राग आला.

ड्वेन हसला नव्हता. "कोस्केला बाई, एक विचारू? बीच तुमचा जीव की प्राण आहे. तो वाचावा म्हणून तुम्ही हे अंगावर ओढून घेत नसाल कशावरून?"

प्रश्न रास्त होता.

"ड्वेन," बाई म्हणाल्या, "पाणी गार नाही, असं मी तुला कधी सांगितलं होतं का?"

"नाही."

"एकतीस वर्षांत एकाही पोराला सांगितलं नाही. तेवढं खोटं बोलले असते तर माझं काम निम्मं झालं असतं."

ड्वेनने मान खाली घालून कागद चाळले. कार्लाने बाईंच्या जुलैतल्या गैरहजेरीचा तक्ता पुढे ठेवला आणि पहिल्यांदाच मंडळातल्या पाचही माणसांनी ‘ज्योतिषीबुवां’चे आकडे नीट वाचले. मतदान पुढे ढकललं गेलं. दोन आठवडे मोजणी नेहमीसारखी, नेहमीच्याच माणसांनी करायची, पण पाव न घालता. पाणी स्वच्छ निघालं तर मागचे लाल दिवस धरायचे नाहीत. नाही निघालं तर बीच यादीतून बाद.

लेस्टर बाहेर येऊन कार्लाला म्हणाला, "माझा कागद सोपा होता." पण बाईंसाठी दार त्यानेच उघडून धरलं.

शुक्रवारी सकाळी बाई आल्या तेव्हा कार्ला वाळूवर उभीच होती. बाईंच्या खांद्याला पिशवी नव्हती. त्यांनी दोन्ही तळवे उघडून दाखवले, "बघ, झडती घे," असं म्हणाल्या आणि हसल्या. कार्लाही हसली. रात्रभर तिला याच सकाळची ओढ लागली होती.

बाईंच्या जुन्या हिरव्या गाडीचं दार लागल्याचा आवाज अजून हवेत होता, तोच पहिला सीगल उतरला. मग पाच. मग दहा-पंधराचा थवा. बाईंच्या भोवती गोल करून ते वाळूवर बसले, माना वर करून, वाट बघत.

"थांबू या," कार्ला म्हणाली. "काही नाही म्हटल्यावर जातील कंटाळून."

दोघी थांबल्या. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. बाई लांब जाऊन ओंडक्यावर बसल्या, तर सगळा घोळका त्यांच्या मागोमाग चालत गेला. काही पाण्यात उतरले आणि तिथूनच त्यांच्याकडे बघत राहिले. वाळूवर ठिपके पडायला लागले होते.

बाईंनी मोजयंत्र काढलं. एकही न चुकवता मोजलं. "एकसष्ट. लिही."

कार्लाने आकडा लिहिला. एकसष्ट म्हणजे लाल. पहिल्याच दिवशी लाल. "शिकतील हळूहळू," ती म्हणाली. "आठ-दहा दिवसांत कळेल त्यांना, पाव बंद झाला म्हणून."

"आपल्याला दोनच आठवडे दिलेत, कार्ला. त्यात माझे सहा दिवस." बाईंनी त्या गोळा झालेल्या पाखरांकडे एकवार नीट पाहिलं. "आणि ही पावाला आलेली नाहीत. पाव आज आहेच कुठे? ही मला बघून आली आहेत."

त्या उठल्या आणि गाडीकडे चालू लागल्या. सीगल उठले. गाडी सुरू झाली तशी ती सगळी पांढरी झुंबड कलकलाट करत वर चढली आणि गाडीच्या माथ्यावरून, पाइनच्या झाडांवरून, रस्त्याच्या दिशेने सरकू लागली. कार्ला धावत चढावर गेली. वळणापाशी बाईंनी गाडी थांबवून काच खाली केली होती. वर आकाशात गोंगाट होता.

"किती राहिले खाली?" बाईंनी ओरडून विचारलं.

कार्लाने मागे वळून मोजलं. "पाच!"

"मग सोम, बुध, शुक्र दुसरं कुणीतरी बघ. नेहमीचाच माणूस हवा असं ड्वेन म्हणेल, तर त्याला मी फोन करते."

"दोनच आठवडे, बाई. मग या परत. विसरतील ते तुम्हाला."

बाईंनी मान वर करून त्या घिरट्यांकडे बघितलं. "ही मला विसरायची नाहीत. सीगल किती वर्षं जगतो गं?"

कार्लाला उत्तर माहीत होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिला आकडा सांगावासा वाटेना. "वीस. काही पंचवीससुद्धा."

"मी अठ्ठ्याहत्तरची आहे," बाई म्हणाल्या आणि काच वर केली.

गाडी वळणापलीकडे गेली आणि सगळे सीगल तिच्या मागे गेले. कार्ला रडत रडत उतार उतरून आली. साडेसात वाजले होते. गुडघाभर पाण्यात शिरून तिने बाटली भरली, झाकण घट्ट लावलं आणि वर शुक्रवारची तारीख लिहिली.